वाचक विचारतात : घरच्यांना लिहायची चार ओळींची चिठ्ठी

घरातल्या माणसाने आपल्यासाठी काही केलं, तर ते त्याला हाताने लिहून कळवावं का आणि कसं, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. सोलापूर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या शंकांपैकी काही इथे घेतल्या आहेत.

आई आजारी असल्याने माझं बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंनी सगळं केलं. त्यांना चिठ्ठी लिहायला बसले, तर नवरा म्हणाला, "घरच्यांचे कसले आभार मानतेस? त्यांना परकं केल्यासारखं वाटेल." लिहू की नको? आणि लिहिलं, तर मायना कसा असावा? (जुळे सोलापूर)

तुमचे यजमान म्हणतात त्यात तथ्य आहे. मराठी घरात 'आभारी आहे' हे शब्द सभेच्या शेवटी उभं राहून बोलायचे. सुनेने ते सासूला लिहिले, तर अंतर पडतं. तेव्हा तो शब्द गाळा आणि चिठ्ठी लिहाच. त्यांनी केलेलं तुमच्या नजरेतून सुटलेलं नाही, हे त्यांना कळायला हवं. त्यासाठी केलेल्या गोष्टीचं नाव घ्यावं लागतं. "तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत" हे वाक्य कुठलीही सून कुठल्याही सासूला लिहू शकते. म्हणूनच ते वाचून कुणाला काही वाटत नाही.

असं लिहून बघा :

"ती. स्व. आई,
सा. न. वि. वि.
पहिले दोन महिने रात्री तीनचं दूध झालं की तुम्ही बाळाला माझ्याकडून घ्यायचात आणि मला झोप म्हणायचात. तेव्हा मी काही बोलले नाही, डोळेच उघडत नव्हते. त्या दिवसांत तुमचा गुडघा दुखत होता, हे मला नंतर कळलं. आता पहाटे जाग आली की बाळ आधी तुमच्या खोलीकडे बघतं. अळिवाचे लाडू या थंडीत मला तुमच्या हाताखाली शिकायचे आहेत."

पहिल्या वाक्यात वेळ आहे, काम आहे आणि ते कुणी केलं तेही आहे. दुसऱ्यात त्या वेळी न बोलल्याचं कारण आहे. गुडघ्याचं वाक्य या चिठ्ठीतलं सगळ्यात मोलाचं, कारण त्यांना काय सोसावं लागलं ते त्यात दिसतं. बाळ खोलीकडे बघतं, म्हणजे केलेल्याचं पुढे काय झालं ते आलं. शेवटचं वाक्य पुढच्या भेटीचं, पुढच्या कामाचं. पाच-सहा वाक्यं पुरतात. पान भरलं की मजकूर भाषणाकडे झुकतो.

एक चूक बऱ्याचजणी करतात : त्याच चिठ्ठीत माफी मागतात किंवा जुन्या कुरबुरीचा खुलासा देतात. मग वाचणाऱ्याला तेवढंच आठवतं. तो विषय समोर बसून बोलायचा.

मायन्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. रूढ पद्धतीत 'तीर्थरूप' वडिलांना आणि आईला. त्यांच्या जागी असलेल्या इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', म्हणजे ती. स्व. त्याखाली 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', थोडक्यात सा. न. वि. वि. बरोबरीच्यांना स. न. वि. वि., इथे पहिला स 'सप्रेम'चा. धाकट्यांना चि. आणि 'अनेक आशीर्वाद'. हे सगळं जड वाटत असेल, तर नुसतं 'आई,' लिहून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. घरात ज्या नावाने हाक मारता, ते मात्र हवंच.

लिहिताना संकोच होतो, हे खरं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली याच संकोचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. पत्र मिळालेल्यांना विचारलं तेव्हा अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी निघालं आणि आनंद अंदाजापेक्षा जास्त. आपल्याकडच्या सासवा याला अपवाद असतील, असं आम्हाला वाटत नाही.

आत्याचे यजमान वारले आहेत. तिला लिहिताना 'गं. भा.' लिहावं का? (बार्शी)

लिहू नका. जुन्या पत्रांत ते दिसतं, पण आत्याने तुमच्यासाठी जे केलं त्याच्याशी तिच्या वैधव्याचा काही संबंध नाही. 'ती. स्व. आत्यास' पुरे. पाकिटावर 'श्रीमती'.

मुलाचं लग्न झालं. आहेर साधारण १८० घरांतून आला. प्रत्येकाला हाताने लिहायचं असं सूनबाई म्हणते. हे होण्यासारखं आहे का? (होटगी रोड)

होण्यासारखं आहे, पण आधी नोंद लागायला हवी. सगळा घोटाळा लग्नाच्या रात्री होतो. तिघं-चौघं मिळून पुड्या फोडतात, नावाची चिठ्ठी एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे जाते. महिन्याने कुकर कुणाचा आणि चादरींची जोडी कुणाची, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एकाने फोडायचं आणि एकाने लिहायचं. वस्तूला आणि तिच्यावरच्या नावाच्या चिठ्ठीला पेन्सिलीने एकच क्रमांक टाका. वहीत पाच रकाने आखा : क्रमांक, घराचं नाव, काय आलं, पूर्ण पत्ता, चिठ्ठी गेल्याची तारीख. पैशाच्या पाकिटांवर मागच्या बाजूला क्रमांक टाका आणि पाकिटं लगेच फेकू नका, पत्ता बऱ्याचदा त्यावरच असतो.

आता हिशेब. रोज सहा चिठ्ठ्या, तर १८० घरं ३० दिवसांत होतात. एका चिठ्ठीला सात-आठ मिनिटं धरली, तर रोजचा पाऊण तास. तो मुलाने आणि सुनेने वाटून घ्यायचा, आपापल्या बाजूच्या लोकांना ज्याने त्याने लिहायचं, सही दोघांची. सगळं सुनेच्या गळ्यात टाकलं की दहाव्या दिवशी वही बंद पडते.

क्रम आहेराच्या किमतीवरून लावू नका. ज्यांनी अंग मोडून काम केलं, ते आधी : भल्या पहाटे स्टेशनवर पाहुणे आणायला गेलेले काका, पंगतीत स्वतः न बसता वाढणारे मेव्हणे, रुखवत मांडणाऱ्या मावश्या. यांच्या चिठ्ठ्या पहिल्या आठवड्यात जाव्यात. मग बाहेरगावचे, मग बाकीचे. पैसे दिलेल्यांना आकडा लिहायचा नाही. त्या पैशांचं काय घेतलं किंवा काय घेणार आहोत, ते लिहायचं.

कागदाचं सोपं आहे. २०० जीएसएमचं ए-फोर कार्डशीट चार भागांत कापलं की पोस्टकार्डाएवढी चार कार्डं मिळतात. १८० कार्डांना ४५ शीट लागतील. बिघडतील म्हणून ५० घ्या. कापून दुकानातच मिळतात, घरी कात्रीने कडा वाकड्या होतात. गुळगुळीत चकचकीत कार्ड टाळा. त्यावर जेलपेनाची शाई बराच वेळ ओली राहते आणि हात फिरला की अक्षर फरफटतं. असं एक कार्ड तीन-साडेतीन ग्रॅमचं. पाकिटासकट वजन साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात आरामात बसतं.

पत्त्यात नुसतं 'सोलापूर - ५' लिहायची सवय अजून आहे. ४१३ ने सुरू होणारा पूर्ण सहा आकडी पिन घाला. पत्र पोहोचल्याची खात्री हवी असेल, तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. आणि शहरातल्या शहरात हातोहात देता आलं, तर त्याहून चांगलं.

मामाने सायकल दिली. सात वर्षांचा मुलगा 'थँक्यू मामा' एवढंच लिहून पळतो. (अक्कलकोट)

सात वर्षांच्या मुलाला 'छान लिही' म्हणून काही सुचत नाही. त्याला तीन प्रश्न विचारा : सायकलवरून पहिल्यांदा कुठे गेलास? पडलास का? मामा आला की त्याला काय दाखवणार? तो जे बोलेल तेच त्याला लिहू द्या. 'मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. दोनदा पडलो. ब्रेक उजवा कडक आहे.' मामाला यापेक्षा जास्त काय हवं?

शुद्धलेखन तपासू नका. वेलांट्या चुकलेली चिठ्ठी मामा जपून ठेवतो. आईने सांगून लिहवून घेतलेली पहिल्या ओळीतच ओळखू येते. अक्षर वरखाली जात असेल, तर कोऱ्या कागदाखाली जाड रेघांचा कागद ठेवून दोन टाचण्यांनी पक्का करा. लिहून झालं की टाचण्या मोजून काढा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाने चित्र काढावं आणि ते कशाचं आहे, हे मोठ्यांनी त्याच्याच शब्दांत खाली लिहावं.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. माझं शिक्षण मराठीतून झालं, तेलुगू वाचता येत नाही. आजीला फक्त तेलुगूच वाचता येतं. तिला कसं लिहू? (पूर्व भाग, सोलापूर)

चिठ्ठी तेलुगूतच असू द्या, पण ती देवनागरीत लिहा, जसं घरी बोलता तसं. मग घरातल्या कुणीतरी तिला मोठ्याने वाचून दाखवावी. मोबाइलवरून भाषांतर करून उतरवू नका. ती भाषा पुस्तकी येते, मान देण्याचं रूप चुकू शकतं आणि आजी तुमच्या तोंडची भाषा शोधत बसते.

पण तिचा संबोधनाचा शब्द तेवढा तेलुगू अक्षरांत काढा. वडिलांची आई असेल, तर 'नायनम्म'. ही चार अक्षरं आहेत : ना, य, न आणि म्म. शेवटच्या अक्षरात म ला दुसरा म खालून जोडलेला असतो. तो जोड राहिला, तर शब्दच बदलतो. घरातल्या तेलुगू वाचणाऱ्या माणसाकडून कागदावर मोठा काढून घ्या आणि दहा-बारा वेळा गिरवा. बाकीची चिठ्ठी दुसरा कुणी वाचून दाखवेल. हा एक शब्द तिला तुमच्या हातचा, स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल. अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं ठेवा आणि काळ्या शाईने लिहा. म्हाताऱ्या डोळ्यांना फिकट निळं लवकर दिसत नाही.

आईच्या ट्रंकेत मावश्यांची, आजोबांची जुनी आंतर्देशीय पत्रं सापडली. घड्यांवर फाटत चालली आहेत. लॅमिनेट करून घेऊ का? (मंगळवेढा)

कृपया करू नका. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं. पुढे काही बिघडलं, तर ते सोडवता येत नाही. फाटलेल्या घडीवर साधी चिकटपट्टीही नको. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात मुरून डाग पडतो.

ट्रंक माळ्यावर असेल, तर आधी खाली आणा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. त्या उष्णतेत कागद ठिसूळ होतो. गठ्ठ्याला लावलेलं रबर वितळून पत्राला चिकटतं. ते ओढू नका. कोरडं पडलेलं असेल तर नखाने हळूच उचला. टाचण्या आणि स्टेपल काढा, त्यांचा गंज कागद खातो.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सपाट टेबलावर पत्र एकेक घडी करून उघडा आणि मऊ ब्रशने धूळ काढा. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा, आठवडाभरात ते सपाट होतं. इस्त्री आणि वाफ दोन्ही टाळा, जुनी शाई पसरते. मग खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पत्ता आणि टपालाचा शिक्का असलेली बाजूही घ्या. पत्रावर तारीख नसली, तर ती बऱ्याचदा शिक्क्यावर सापडते. फायलीचं नाव तारखेवरून ठेवा.

ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या नकोत, त्यांना अक्षर चिकटतं. पांढऱ्या कागदाची पाकिटं चालतील. पोथ्या रुमालात बांधतात, तसं सुती कापडात बांधणं तर उत्तमच. फक्त नवं कापड आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. मागावरून आलेल्या कापडाला खळ असते, आणि खळीवर कसर येते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल, तर कडकडीत वाळवून वेगळ्या पुरचुंडीत ठेवा. ओलसर पाल्याने कागदावर तपकिरी ठिपके उठतात.

नवरा-बायको दोघंही नोकरीवर, पाळ्या उलटसुलट. एकाच घरात राहून चिठ्ठी लिहिणं नाटकी नाही का वाटणार? (एमआयडीसी, सोलापूर)

पाळ्या उलटसुलट असल्या की आठवड्यातले काही दिवस तुम्ही एकमेकांना फक्त झोपलेलंच बघता. अशा घरात चिठ्ठीचा उपयोग सगळ्यात जास्त. ती चार बोटं रुंद असावी, मायना नको, सही नको. 'गॅसची टाकी तू लावलीस, मला सकाळी कळलं. चहा लगेच झाला.' एवढंच. रोज लिहू नका. रोज आली की ती सामानाच्या यादीसारखी दिसू लागते. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

डब्यात ठेवणार असाल, तर झाकणाच्या आत ठेवू नका. गरम भाजीच्या वाफेने जेलपेनाची शाई उतरते, आणि शेंगाचटणीचं तेल लागलं की कागद पारदर्शक होऊन मागचं-पुढचं एक होतं. बॉलपेनने लिहा, दोन घड्या घाला आणि डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, चमच्याजवळ ठेवा.