चौकोनी साच्यात वाढवलेलं कलिंगड फिकं का लागतं? घरच्या वेलावर ते गोड ठेवता येईल का?

गोड ठेवता येतं. फिकेपणाचा दोष साच्याचा नाही, लवकर तोडणीचा आहे. जपानच्या कागावा प्रांतातल्या झेन्त्सुजीची प्रसिद्ध चौकोनी कलिंगडं शोभेसाठीच असतात, म्हणून ती पिकण्याआधीच काढतात. तशी ती जास्त टिकतात. कलिंगडात खरी साखर शेवटच्या टप्प्यात भरते आणि तोडल्यावर गोडी वाढत नाही.

साखर तयार होते पानांत आणि फळात येते देठातून. साचा फक्त फुगणं अडवतो. गोडीसाठी बंधन घालायचं तर ते दुसरीकडे घालावं लागतं. द्राक्षात मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी पिकू लागताना, खोडाची साल गोल काढतात (गर्डलिंग), ते पानांतली साखर मुळांकडे न जाता घडात राहावी म्हणूनच.

आता साचा. इथे बहुतेकांचं माप चुकतं. 4 किलोचं फळ म्हणजे साधारण सव्वाचार लिटर जागा. 18 सेंमीच्या पेटीत जवळपास 5.8 लिटर मावतं, म्हणजे कोपरे रिकामेच राहणार. आतून 15 सेंमीची (सुमारे 3.4 लिटर) पेटी घ्या. त्याहून फार लहान नको, फळ फुटेल. पातळ अ‍ॅक्रिलिक फुगतं, चिकटवलेले सांधे उघडतात. फळाचा रेटा कमी समजू नका. जाड पॉलिकार्बोनेट, लोखंडी अँगलची चौकट आणि नटबोल्ट हवेत. पेटी पारदर्शकच हवी, उजेड नसेल तर साल पिवळट पडते. तळाला भोकं ठेवा, नाहीतर साचलेल्या ओलीने फळ कुजतं. वरच्या बाजूला देठासाठी रुंद खाच ठेवा. देठ कडेला चेपला तर साखरेची वाटच बंद होते.

फळ मोठ्या मोसंबीएवढं झालं की सालीवरचे पट्टे उभे ठेवून पेटीत बसवा. वेलावर एकच फळ राखा, पानं निरोगी ठेवा. दुपारी पेटीवर सावली करा, आत फार तापतं. पाणी रोज थोडं आणि सारखं द्या. कोरड पडल्यावर एकदम भरपूर दिलं तर साच्यातलं फळ हमखास तडकतं. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करा.

पेटीत टिचकी मारून पारख होत नाही, म्हणून फूल फळल्याची तारीख देठाला बांधून ठेवा. लहान फळांच्या जातींना तिथून 30 ते 35 दिवस लागतात. देठाजवळची बाळी (वेलाची गुंडाळलेली बारीक तार) सुकलेली हवी. काढणी दुपारनंतर करा. पहाटे फळ पाण्याने टच्च असतं, तेव्हा बोल्ट सैल करताच चिरू शकतं.