जॉन लुईस: कामगारांच्या मालकीचं दुकान वाढलं कसं आणि अडलं कुठे?

प्रश्न असा आहे: 'जॉन लुईस ही ब्रिटनमधली मोठी दुकानसाखळी तिथल्या कामगारांच्याच मालकीची आहे असं वाचलं. म्हणजे ती आपल्याकडच्यासारखी सहकारी संस्था आहे का? ती एवढी वाढली कशी, आणि मग २०२३ ते २०२५ सलग तीन वर्षं कामगारांना बोनस का मिळाला नाही?'

सहकारी संस्था नाही. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यात शेतकरी शेअर घेतो, सभासद होतो, मत देतो, आणि शेअर त्याच्या नावावर राहतो. जॉन लुईसमध्ये काउंटरवरच्या माणसाच्या नावावर मालकीचा एकही शेअर नसतो. मालकी एका विश्वस्त कंपनीकडे आहे आणि ती कामगारांच्या वतीने सांभाळली जाते. नोकरीत आहात तोवर तुम्ही 'पार्टनर', नोकरी सुटली की भागीदारीही सुटली. विकायला काही नाही, मुलांच्या नावे करायला काही नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एकाच रचनेत आहेत, म्हणून ती कशी उभी राहिली तिथून सुरुवात करतो.

थोरला जॉन लुईस १८३६ साली सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेट गावी जन्मला. लहानपणीच पोरका झाला, कापडाच्या दुकानात उमेदवारी केली, मग लंडनला येऊन पीटर रॉबिन्सनच्या दुकानात रेशमाची खरेदी पाहू लागला. १८६४ मध्ये त्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवर स्वतःचं छोटं दुकान थाटलं. पहिल्या दिवसाचा गल्ला होता १६ शिलिंग ४ पेन्स. पौंडात २० शिलिंग असत, म्हणजे एक पौंडही पुरा झाला नाही. त्याचा धंदा करायचा रिवाज ठरलेला होता: जाहिरातीवर पैसा घालायचा नाही, नफा थोडा ठेवायचा, पण माल एवढा ठेवायचा की गिऱ्हाइकाला हवा तो रंग आणि हवा तो पोत मिळालाच पाहिजे. एवढा माल ठेवायला जागा लागते, म्हणून तो शेजारचे गाळे घेत गेला. त्यातूनच होल्स स्ट्रीटच्या बाजूच्या जागेवरून जमीनमालक लॉर्ड हॉवर्ड डी वॉल्डन यांच्याशी त्याचा वर्षानुवर्षं दावा चालला. कोर्टाचा हुकूम मानला नाही म्हणून १९०३ मध्ये हा म्हातारा तीन आठवडे ब्रिक्स्टनच्या तुरुंगात बसला, आणि तेव्हा त्याचं वय सत्तरीला टेकलं होतं.

त्याचा मुलगा जॉन स्पीडन लुईस हा या कथेतला खरा माणूस. तो १९०४ मध्ये, १९ व्या वर्षी दुकानात आला. २१ वा वाढदिवस झाला तेव्हा बापाने धंद्यातला चौथा हिस्सा त्याच्या नावे केला. हिस्सेदार झाल्यावर त्याने हिशेबाच्या वह्या पाहिल्या आणि त्याला एक आकडा खटकला. बाप आणि दोन मुलगे मिळून वर्षाला सुमारे २६ हजार पौंड उचलत होते, आणि ३०० च्या आसपास नोकरांचा मिळून वर्षाचा पगार होता १६ हजार पौंड. १९०९ मध्ये तो घोड्यावरून पडला. बरं व्हायला फार काळ गेला आणि त्या काळात त्याने नफावाटपाची योजना डोक्यात तयार केली.

ती करून पाहायला त्याला वेगळी जागा मिळाली. स्लोन स्क्वेअरवर पीटर जोन्स नावाच्या वेल्श कापडव्यापाऱ्याचं दुकान होतं. १९०५ मध्ये जोन्स वारल्यावर थोरल्या लुईसने ते विकत घेतलं होतं, पण ते चालत नव्हतं. १९१४ मध्ये बापाने ते स्पीडनच्या हवाली केलं, अट एकच: संध्याकाळी पाचपर्यंत ऑक्सफर्ड स्ट्रीटवर काम करायचं, मग तिकडे जायचं. पुढे बापलेकांचं इतकं बिनसलं की स्पीडनने ऑक्सफर्ड स्ट्रीटमधला आपला चौथा हिस्सा सोडला आणि बदल्यात पीटर जोन्समधले बापाचे शेअर घेतले. भरभराटीतलं दुकान देऊन तोट्यातलं घेणं हा सौदा कुणालाही वेड्यासारखा वाटला असता. पण आता अडवणारं कुणी नव्हतं. त्याने कामाचे तास कमी केले, निवडून आलेल्या समित्या नेमल्या आणि १९१८ मध्ये दुकानाचं स्वतःचं पत्र, 'गॅझेट', सुरू केलं. त्यात कुणीही नोकर निनावी पत्र लिहू शके, आणि ज्या खात्याविषयी तक्रार असे त्या खात्याच्या वरिष्ठाचं उत्तर पत्रासोबत छापलं जाई. ही प्रथा शंभर वर्षांनंतरही टिकली. १९१४ मध्ये ८ हजार पौंडांच्या तोट्यात असलेलं पीटर जोन्स पाच वर्षांत २० हजार पौंडांच्या नफ्यात आलं. १९२० मध्ये नफ्याचा पहिला वाटा नोकरांच्या हाती पडला.

हा वाटा कशा रूपात दिला याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण माझ्या मते साखळीच्या वाढीचं मर्म तिथेच आहे. सुरुवातीला नफा रोख दिला जात नसे. त्याऐवजी मताधिकार नसलेले, ठरावीक दराने परतावा देणारे शेअर दिले जात. ज्याला गरज असेल तो ते बाजारात विकून पैसे करी, पण दुकानाच्या तिजोरीतली रोकड दुकानातच राही. नफा वाटला जाई आणि तोच नफा धंद्यात भांडवल म्हणूनही फिरे. सगळा वाटा रोखीत द्यायला लागल्यावर ही सोय गेली, आणि बोनसचा प्रत्येक पौंड हा नवं दुकान, गोदाम किंवा संगणकावर न घातलेला पौंड ठरू लागला.

१९२८ मध्ये थोरला लुईस ९२ व्या वर्षी वारला. धाकट्या भावाचा, ऑस्वल्डचा, हिस्सा स्पीडनने आधीच विकत घेतला होता. १९२९ मध्ये त्याने पहिला विश्वस्तकरार केला. त्याने आपले शेअर विश्वस्तांना दिले आणि मोबदल्यात सुमारे १० लाख पौंड घ्यायचं ठरवलं, तेही एकरकमी नाही: बिनव्याजी, पुढच्या ३० वर्षांत, धंद्याच्या नफ्यातून. नोकरांनी खिशातून एक पेनीही घातली नाही. दुकानाने स्वतःच्या पुढच्या कमाईतून स्वतःला मालकाकडून सोडवून घेतलं. १९५० च्या दुसऱ्या करारानंतर उरलेला ताबाही कायमचा विश्वस्तांकडे गेला. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्याने धंदा कामगारांच्या विश्वस्तनिधीकडे सोपवणाऱ्या मालकांना करसवलत दिली, त्या पद्धतीचा सांगाडा हाच आहे: मालकाची किंमत ठरवा, ती विश्वस्तांच्या नावे उधार मांडा आणि नफ्यातून फेडा. नफा आटला की फेड अडते, हा या पद्धतीतला धोका.

वाढ कशी झाली म्हणाल तर बहुतेक दुसऱ्यांची चालू दुकानं घेऊन. १९३३ पासून नॉटिंगहॅमचं जेसप, साउथॅम्प्टनचं टायरेल अँड ग्रीन अशी गावोगावची जुनी कापडघराणी ताब्यात आली. १९३७ मध्ये वेटरोज ही दहा किराणा दुकानांची छोटी साखळी घेतली. तेव्हा ती जोडखरेदी वाटली असेल, आज अर्ध्याहून जास्त विक्री तिची आहे. सगळ्यात मोठी उडी १९४० ची. सेल्फ्रिज या दुसऱ्या दुकानसाखळीची लंडनच्या उपनगरांतली आणि बाहेरगावची दुकानं, डझनाहून जास्त, सुमारे ३० हजार पौंडांना मिळाली. शेफील्डचं कोल ब्रदर्स, लिव्हरपूलचं जॉर्ज हेन्री ली, केंब्रिजचं रॉबर्ट सेल त्यातलीच. एवढी दुकानं इतक्या स्वस्तात मिळण्याचं कारण युद्ध. आणि त्याच वर्षी १८ सप्टेंबरच्या रात्री ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मुख्य दुकानावर बॉम्ब पडून त्याचा बराचसा भाग जळाला. एकच मोठं दुकान असतं तर सगळा डोलारा कोसळला असता. गावोगावी पसरलेल्या दुकानांनी साखळी तारली. ऑक्सफर्ड स्ट्रीटची नवी इमारत पुरी व्हायला १९६० उजाडलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूकॅसलचं बेनब्रिज आलं. प्रत्येक खात्याचा गल्ला वेगळा लिहिण्याची रीत तिथल्या वह्यांत १८४९ पासून सापडते, म्हणून त्याची गणना जगातल्या पहिल्या डिपार्टमेंट स्टोअरांत होते.

दुकान विकत घेतल्यावर दारावरची पाटी बदलत नसत. त्या गावात तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं 'बेनब्रिज'ला जात, लंडनच्या लुईसशी त्यांना काय देणंघेणं? पाटी गावाची ठेवायची, पण खरेदी लंडनहून एकत्र करायची. चादरी, पडद्याचं कापड, मोजे सगळ्या दुकानांसाठी एकदम घेतले की गिरणीकडून दर उतरवून घेता येतो. १९३७ पासून या मालावर 'जोनेल' हा घरचा शिक्का असे, आणि १९५३ मध्ये लँकेशरमधला डार्वेनचा कापडकारखानाही घेतला. जवळजवळ सगळ्या पाट्या बदलून 'जॉन लुईस' झालं ते २००० नंतर, कारण इंटरनेटवर एकच नाव चालतं. पीटर जोन्सचं नाव मात्र अजून आहे.

'जाणूनबुजून महाग कधीच विकणार नाही' हे वचन १९२५ मध्ये पीटर जोन्समध्ये सुरू झालं. तीच वस्तू दुसऱ्या दुकानात स्वस्त दिसली तर आपली किंमत उतरवायची. स्वतःच्या खरेदीदारांवरही त्यातून वचक राही: गिरणीकडून महाग घेतलंस तर पुढे तुझ्याच खात्याचा नफा जाणार. पण ज्यांचं दुकानच नाही, जे इंटरनेटवरूनच विकतात, ते यात धरले जात नव्हते. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून मोबाइलवर भाव बघू लागलं तेव्हा वचन पोकळ पडलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते काढून टाकलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये २५ स्पर्धकांच्या किमतींशी, ऑनलाइन धरून, तुलना करत परत आणलं. काढायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे. नियमाची व्याप्ती वाढवायची होती, ९७ वर्षांचा विश्वास टाकून द्यायचा नव्हता.

आता बोनस. नियम सरळ आहे: वर्षाच्या पगारावर सगळ्यांना एकच टक्का, ट्रॉली ढकलणाऱ्याला आणि अध्यक्षालाही. २० हजार पौंड पगार आणि १५ टक्के बोनस असेल तर करापूर्वी ३ हजार पौंड. जोडीला सर्वांत जास्त पगार हा व्यवस्थापनात नसलेल्या पार्टनरांच्या सरासरी मूळ पगाराच्या ७५ पटींपुढे जाऊ शकत नाही, हेही कंपनीच्या लेखी घटनेत, म्हणजे नियमावलीत, आहे. बोनस २००८ मध्ये २० टक्के होता, २०१३ मध्ये १७, २०१६ मध्ये १०, २०१९ मध्ये ३, २०२० मध्ये २, आणि २०२१ मध्ये शून्य. १९५३ नंतर बोनस पहिल्यांदाच चुकला. २०२२ मध्ये ३ टक्के मिळाला, मग २०२३, २०२४ आणि २०२५ सलग कोरडे गेले.

उतरण कोविडच्या बरीच आधी सुरू झाली होती हे या आकड्यांतच दिसतं. एक कारण पेन्शन: शेवटच्या पगारावर आधारलेल्या जुन्या योजनेतली तूट २०१५ मध्ये एक अब्ज पौंडांवर गेली होती, आणि ती नफ्यातूनच भरायची होती. दुसरं कारण मोठ्या दुकानांवरचा भरवसा. समज असा होता की ऑनलाइन खर्च होणाऱ्या दर १० पौंडांपैकी ६ पौंड दुकानात वस्तू पाहून गेलेल्या गिऱ्हाइकाचे असतात, म्हणून तोट्यातलं दुकानही ऑनलाइन विक्री वाढवतं. २०२१ चा निकाल देताना कंपनीने हा आकडा सरासरी ३ पौंडांवर आणला. अंदाज अर्ध्यावर आला की इमारतींचं हिशेबातलं मूल्यही उतरतं. त्या वर्षीच्या ६४८ दशलक्ष पौंडांच्या विशेष, म्हणजे नेहमीच्या धंद्याबाहेरच्या, खर्चातला बहुतांश भाग त्याचाच होता, आणि करपूर्व तोटा ५१७ दशलक्ष झाला. दोन फेऱ्यांत सोळा दुकानं बंद होऊन ३४ उरली. बर्मिंगहॅमचं भव्य दुकान तर २०१५ मध्ये उघडलं होतं, पाच वर्षांत गेलं.

दुसरी कंपनी अशा वेळी नवे शेअर विकून पैसा उभा करते. इथे ती वाटच नाही. उरतात दोन मार्ग, कर्ज किंवा नफा. २०२३ मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदाराला थोडा हिस्सा देण्याचा विचार असल्याच्या बातम्या आल्या, पार्टनर अस्वस्थ झाले आणि तो विषय मागे पडला. त्याच वर्षी मे महिन्यात बहुतांश निवडून आलेल्या सदस्यांच्या पार्टनरशिप कौन्सिलने तेव्हाच्या अध्यक्ष शेरॉन व्हाइट यांच्या सरत्या वर्षाच्या कामगिरीवर नापसंती नोंदवली, पण पुढच्या योजनेला पाठिंबा दिला. दोन तृतीयांश मतांनी अध्यक्षाला हटवण्याचा अधिकारही या कौन्सिलला आहे. मला तरी या रचनेतली ही सगळ्यात जिवंत गोष्ट वाटते.

म्हणून २०२५ मध्ये ९७ दशलक्ष पौंड करपूर्व नफा होऊनही बोनस नाही, याचा अर्थ कुणी पैसे लाटले असा होत नाही. तो पैसा दुकानांच्या दुरुस्तीत, वेटरोजमध्ये आणि मूळ पगार वाढवण्यात घातला गेला. काउंटरवरच्या माणसाची नाराजी तरीही रास्त आहे, कारण बाकीच्या दुकानांच्या तुलनेत कमी पगार बोनसमुळे भरून निघतो हा हिशेब धरूनच अनेक जण तिथे लागले होते. तुम्हाला स्वतः ताळा करायचा असेल तर दर मार्चमध्ये लागणारा निकाल उघडा आणि ओळी या क्रमाने बघा: बोनस, कर आणि विशेष बाबी वगळून नफा किती, मग विशेष बाबी किती, मग त्या वर्षीची गुंतवणूक किती. या तीन आकड्यांवरून बोनसला किती वाव होता ते कळतं.