रोमिओ रस्त्यावर कसा आला?

प्रश्न असा आहे: ‘लेकीला शाळेत रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट आहे. ती विचारते, एका मुलीपायी विष पिणाऱ्या पोराचं नाव पेपरवाले छेड काढणाऱ्या टवाळांना का देतात? रोडरोमिओ हा शब्दच चुकीचा नाही का?’

लेकीला शाबासकी द्या. शब्द रूढ आहे, त्यामुळे चूक म्हणता येत नाही. पण रोमिओवर अन्याय आहे खरा. तोही निम्माच.

निम्मा अशासाठी, की नाटक सुरू होतं तेव्हा ज्युलिएट त्याच्या गावीही नसते. तो झुरत असतो रोझलाइनसाठी, आणि ही रोझलाइन आपल्याला अख्ख्या नाटकात रंगमंचावर दिसत नाही. ती येणार म्हणून स्वारी हाडवैऱ्यांच्या, म्हणजे कॅप्युलेटांच्या घरी मेजवानीत आगंतुकासारखी शिरते. तिथे ज्युलिएट दिसते आणि रोझलाइन डोक्यातून साफ! त्याच रात्री हा भिंतीवरून उडी टाकून बागेत, थेट तिच्या खिडकीखाली. (ज्याला सगळे बाल्कनीचा प्रवेश म्हणतात, त्यात शेक्सपिअरनं ‘बाल्कनी’ हा शब्द एकदाही वापरलेला नाही.) दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबाही सुनावतात, की तुम्हा पोरांचं प्रेम काळजात नसतं, डोळ्यांत असतं. लोकांच्या तोंडी गेला तो हा खिडकीखालचा रोमिओ. थडग्यापाशी विष पिणारा मागे राहिला. इंग्रजीतच ‘रोमिओ’ हे बायकांमागे फिरणाऱ्याचं सामान्यनाम होऊन बसलं, आणि आपल्याकडे त्याला ‘रोड’ चिकटला. दोन ‘र’ लागोपाठ आल्यावर शब्द तोंडात बसायला वेळ लागत नाही. मजनूचंही असंच झालं. मात्र अरबीत त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘वेडा’, त्यामुळे त्याला फार तक्रार करता यायची नाही.

खरी गंमत पुढे आहे. जुन्या इटालियनमध्ये ‘रोमिओ’ म्हणजे रोमच्या यात्रेला निघालेला माणूस. आपल्या भाषेत वारकरी म्हणा! शेक्सपिअरनं हे नाव आधीच्या कथेतून घेतलं, पण त्या अर्थाचं त्यानं सोनं केलं. पहिल्या भेटीत रोमिओ ज्युलिएटच्या हाताला देवस्थान म्हणतो, आपल्या ओठांना दोन लाजरे यात्रेकरू म्हणतो. तीही कमी नाही. ‘भल्या यात्रेकरू’ अशी हाक मारून सांगते, की मूर्तींनाही हात असतात, यात्रेकरूंनी हाताला हात लावावा, तेच त्यांचं चुंबन. दोघांचं हे बोलणं मिळून चौदा ओळींचं नेटकं सुनीत होतं. यमकंसुद्धा दोघं वाटून घेतात. जेरुसलेमची यात्रा करून ताडाची झावळी घेऊन परतणाऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा उच्चार जवळजवळ ‘पामर’ होतो, आणि ‘पाम’ म्हणजे झाडही, तळहातही. ज्युलिएटच्या त्या हाताला हात लावण्याच्या बोलण्यात हाच शब्द येतो, श्लेष तिथलाच. आपल्या ‘पामरा’शी संबंध शून्य, पण ऐकताना मजा येते.

म्हणजे अक्षरशः अर्थ लावला तर रोडरोमिओ म्हणजे रस्त्यावरचा वारकरी. माउली!

मराठीत याला ‘सडकसख्याहरी’ असा झकास शब्द आहे, आणि मला तो जास्त आवडतो. ‘सख्या हरी’ ही कृष्णाला घातलेली हाक. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवणारा तमाशातला कृष्ण ज्यानं पाहिलाय, त्याला यातला चिमटा वेगळा समजवावा लागत नाही. इथेही ‘स’ला ‘स’ आहेच.

वापराचं म्हणाल तर बातमीत रोडरोमिओ, विनोदी लेखात सडकसख्याहरी. अनेकवचन रोमिओच, विभक्तीत रोमिओंना, रोमिओंचा, ‘रोमिओज’ नको. उत्तर प्रदेशात २०१७ साली पोलिसांनी अँटी रोमिओ पथकं काढली. महाराष्ट्रातल्या पथकांची नावं दामिनी, निर्भया अशी आहेत, ती मला बरी वाटतात. आणि फिर्याद लिहायची वेळ आलीच, तर दोन्ही शब्द बाजूला ठेवून सरळ पाठलाग किंवा विनयभंग, जे घडलं असेल ते लिहा. सख्याहरी म्हटलं की ठाणे अंमलदारालाही हसू येईल.