रिकाम्या मंगळवारचं काय?

दिवाळीनंतर कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो, म्हणून सप्टेंबरपासूनच माझ्याकडे नागपूरच्या बँडवाल्यांचे दौऱ्याचे प्रश्न येऊ लागतात. अठरा वर्षं गिटार पाठीला लावून हिंडलो, त्यातली निदान सहा चुका करण्यात गेली. त्यातल्या काही चुका खाली कामाला लावल्या आहेत.

भाऊ, आमचा चौघांचा बँड आहे, गाणी सगळी आमचीच. पुण्याच्या एका कॅफेने शनिवारी बोलावलंय. मानधन नाही, तिकिटाच्या पैशातले निम्मे देतो म्हणतात. जावं का? सगळे सांगतात, पुण्या-मुंबईत वाजवल्याशिवाय नाव होत नाही. (मानेवाडा)

आधी कागद घ्या. तिकीट 300 रुपये धरू. अनोळखी बँडला 60 माणसं आली तरी खूप झालं. म्हणजे 18,000, तुमच्या हाती 9,000. त्यातून चौघांचं जाणं-येणं, एक रात्र मुक्काम, स्टेशनवरून सामान न्यायला टेम्पो. शिवाय नोकरीवाल्यांची शुक्रवारची अर्धी रजा, आणि रविवारी रात्री निघालात तर सोमवारीही डोळे तांबारलेलेच. कागदावरच तोटा आहे.

तरी मी जा म्हणेन, पण एकट्या त्या शनिवारसाठी नको. दौऱ्यात पैसा कार्यक्रमाच्या दिवशी बुडत नाही, दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या मंगळवारी बुडतो. त्या दिवशी चौघं जेवतात, चौघं झोपतात, कमाई शून्य. म्हणून पुण्याची तारीख हातात आली की तिला शेजार शोधा. शुक्रवारी छत्रपती संभाजीनगर, शनिवारी पुणे, रविवारी नाशिक, परतताना अकोला किंवा अमरावतीचं एखादं कॉलेज. मधल्या जागी 3,000 मिळाले तरी घ्या, तेवढ्यात त्या दिवसाचं जेवण आणि खोली निघते.

गाडीने जाणार असाल तर समृद्धी आहेच. 701 किलोमीटरचा तो रस्ता जून 2025 पासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झालाय. माझा नियम एकच, कार्यक्रम संपवून रात्री त्या रस्त्याला लागायचं नाही. ना वळण, ना गाव; डोळा कधी लागतो ते कळतही नाही. आणि निघण्याआधी टायर तपासा, सिमेंटचा रस्ता तापला की जुने टायर दगा देतात.

पण खरं सांगू? पुण्याआधी नकाशावर नागपूरभोवती एक गोल काढा. वर्धा 80 किलोमीटरच्या आत. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर दीडशेच्या आसपास. रायपूर आणि जबलपूरही तीनशेच्या आत. 1956 पर्यंत नागपूर त्या मुलखाची राजधानी होती, आणि तिथली मराठी घरं अजून आपल्याशी नातं ठेवून आहेत. तिथे आपण ‘बाहेरचा बँड’ नसतो, ‘नागपूरची पोरं’ असतो. जेवण हमखास घरचं मिळतं. आपल्या पोट्ट्यांना मात्र नकाशात डावीकडेच बघायची सवय लागलीये.

मे महिन्यात हैदराबादला तीन कार्यक्रम आहेत. अकूस्टिक गिटार गाडीने न्यावी की रेल्वेने? बाबा म्हणतात, लाकूडच तर आहे, त्याले काय होते? (सक्करदरा)

बाबांना ही गोष्ट सांगा. अशाच एका मे महिन्यात आम्ही हैदराबादच्या रस्त्याला होतो. हिंगणघाट सोडल्यावर एका ढाब्यावर जेवायला थांबलो. गिटार डिकीत. पाऊण तासाने निघालो, संध्याकाळी केस उघडली, तर तारा बोटभर वर आलेल्या. वाकून पाहिलं, तर तारा जिथे अडकवतात तो ब्रिज मागच्या बाजूने उचलला होता. खालून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. सहा तारा मिळून त्या लाकडाच्या पट्टीला साधारण 70 किलोंनी ओढत असतात, आणि तिला धरून ठेवतो तो फक्त गोंद. नागपूरचा पारा 45 ओलांडतो तेव्हा बंद डिकीत काय होत असेल? गोंद मऊ पडला, पट्टी सुटली. त्या रात्री मागून आणलेल्या गिटारवर वाजवलं. तिचा सूर चौथ्या घराच्या पुढे कुणाशीच जुळत नव्हता.

तेव्हा गाडी असो की रेल्वे, गिटार तुम्ही बसाल तिथेच बसेल. उतरलात की तिलाही उतरवा. रेल्वेत वरचा बर्थ मागा आणि तिला उशाशी घ्या. बर्थखाली कुणाची तरी ट्रंक आधीच येऊन बसलेली असते. सामानाची चिंता नको, स्लीपर आणि थ्री एसीत माणशी 40 किलो फुकट नेता येतं. निघताना तारा थोड्या सैल करा, पार लोंबकळवू नका.

दुसरा शत्रू कोरडेपणा. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मेच्या दुपारी ती 20च्याही खाली जाते. लाकूड आकसतं, पण दांड्यावर आडव्या बसवलेल्या पट्ट्या (फ्रेट) धातूच्या, त्या कशा आकसणार? त्यांची टोकं बाहेर येऊन बोटांना ओरबाडू लागली की समजायचं, गिटारला तहान लागलीये. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी केसमध्ये टाका. रोज पाहा. पाणी टपकता कामा नये. कूलरसमोर गिटार ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, तो वेगळा अपघात.

तुमच्यासोबत ढोलकी किंवा तबला असेल तर त्याचं उलटं दुखणं लक्षात ठेवा. आपल्या कोरड्या उन्हात चामडं ताणतं आणि सूर चढतो, जुलैत मुंबईला नेलं की उतरतो. हातोडी घरी विसरू नका.

माझी मुलगी 22 वर्षांची आहे. बँडमध्ये गाते, बाकी तिघं मुलं. आता दौऱ्यावर जायचं म्हणते. नाही म्हणवत नाही, पण झोपही लागत नाही. (लक्ष्मीनगर)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. तिला ‘जाऊ नको’ म्हणण्याऐवजी चार प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं तिच्याकडे असतील तर तयारी झाली म्हणायची. रात्री साडेअकराला कार्यक्रम संपल्यावर खोलीवर कोण सोडणार? खोली तिची स्वतंत्र आहे का, आणि आयोजकाच्या ‘ओळखीच्या फ्लॅट’मध्ये तर नाही ना? गाडी पहाटे तीनला पोचणारी तर नाही? असेल तर सकाळची बघा, नाहीतर उजाडेपर्यंत स्टेशनवरच्या महिला प्रतीक्षालयात थांबायचं. आणि चौथा, परत यायचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात आहेत का? माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा. परतीचं भाडं स्वतःजवळ असलं की माणूस कुठूनही उठून येऊ शकतो. प्रवासात अडचण आली तर रेल्वेचा 139 आहे, कुठेही 112 आहे.

बँडमधल्या तिघांना एकदा घरी जेवायला बोलवा. वडाभात करा. जेवताना माणूस कळतो.

कार्यक्रम होऊन पाच महिने झाले, आयोजक मानधनाचं ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतोय. काय करावं? (जरीपटका)

आता? लेखी मागणी, तारीख घालून, आणि रोज फोन. मलाही एकाने असंच दीड वर्ष फिरवलं, शेवटी निम्मे दिले.

पुढच्या वेळी निम्मे पैसे आधी, उरलेले मंचावर चढण्यापूर्वी. लाज वाटत असेल तर बँडमधल्या ज्याला लाज नाही त्याला हे खातं द्या. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. त्यात एक ओळ हवीच. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. भाषणं लांबली, तुम्हाला साडेनऊला मंच मिळाला आणि दहाला आवाज बंद झाला, तरी मानधन पूर्ण मिळेल असं लिहून घ्या. नाहीतर सत्कारांचा भुर्दंड तुमच्यावर.

कॉलेज असेल तर बिलावर पॅन टाका. एकाच संस्थेकडून वर्षात 50,000च्या वर मानधन गेलं की 10 टक्के टीडीएस कापतात, पॅन नसेल तर 20. कापलेला पैसा रिटर्न भरून परत मागता येतो, हे निम्म्या कलाकारांच्या गावीही नसतं.

सलग तीन रात्री गायचंय. दुसऱ्या दिवशी गळा बसतो. मित्र म्हणतात, कुजबुजून बोल. (गोकुळपेठ)

कुजबुजू नका. कुजबुजतानाही गळ्यावर ताण येतोच. बोलायचं तर हळू पण साध्या आवाजात, नाहीतर चूप बसा. गळा गाण्याने कमी आणि गाण्यानंतरच्या गप्पांनी जास्त बसतो; चालत्या गाडीत खिडक्या उघड्या टाकून ओरडत बोलणं सगळ्यात वाईट. पाणी दिवसभर घोट घोट प्या. मेंथॉलच्या गोळ्यांनी घसा बधिर होतो आणि आपण जास्त ताणतो, म्हणून मंचाआधी त्या नकोत. आवाज तीन आठवडे घोगरा राहिला तर काढे बंद करा आणि कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा.

सावजी तिसऱ्या रात्रीनंतर. आधी खाल्लं तर रात्री आडवं होताच आंबट वर येतं आणि सकाळी गळ्याशी वाद घालावा लागतो. तर्री पोहे सकाळी चालतील, तर्री कमी घ्या. दुकानदार तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघेल. बघू द्या.