कोल्हापुरात मोबाइलविना कुटुंबाचा वेळ
मोबाइल, टीव्ही बंद ठेवून सर्वांनी मिळून काय करावे, या आपल्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर पन्हाळा हेच आहे. मात्र मोठ्यांनी आपला फोन आधी कपाटात ठेवावा. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरील या गडावर अंबरखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती ही प्रचंड धान्यकोठारे आणि अंधार बाव ही विहीर पाहताना, एवढे धान्य आत कसे भरत असतील, असे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात आणि उत्तरे शोधण्यात आजोबाही रमतात. एरवी संध्याकाळी रंकाळा तलावाची फेरी पुरेशी आहे (भेळेचा हट्ट गृहीत धरावा). पावसाळ्यात सारीपाट मांडावा. प्रत्येकी चार सोंगट्या लागतात आणि फासे नसल्यास कवड्याही चालतात.