नेव्ही ब्लूवर काय जातं?

प्रश्न दुहेरी आहे. नेव्ही ब्लूला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि ‘नेव्ही ब्लूवर काळं जातं का?’ असं आपण सर्रास विचारतो, त्यातलं ‘जातं’ बरोबर आहे का? मला दुसऱ्या भागात जास्त रस आहे, पण आधी पहिला.

बहुतेक जण ‘गडद निळा’ सांगतील. ते चूक नाही, अपुरं आहे. पेनातल्या शाईचा निळाही गडदच असतो, पण त्याला कोणी नेव्ही ब्लू म्हणत नाही. हा रंग काळ्याच्या इतका जवळ असतो की कमी उजेडात फरक कळत नाही, आणि ती जवळीक ‘गडद’मध्ये येत नाही. ‘गर्द निळा’ आणखी लांबचा. गर्द म्हणजे दाट, भरगच्च. ‘निळाशार’ म्हटलं की झळाळी आली, आणि ती तर इथे अजिबात नको. ‘काळानिळा’ वर्णन म्हणून चपखल बसला असता, पण मार लागला की अंग काळंनिळं पडतं. तो अर्थ इतका पक्का आहे की शर्टाला हे विशेषण लावणं बरं वाटत नाही. ‘काळपट’मध्ये रंग बिघडल्याची छटा आहे. राहिला ‘काळसर निळा’. दिसणं समजावून सांगायचं असेल तर माझी पसंती यालाच.

रंगाचं नाव म्हणून मात्र ‘आरमारी निळा’ मला आवडतो. ब्रिटिश आरमाराने १७४८ साली आपल्या अधिकाऱ्यांसाठी गणवेश ठरवला, त्यात गडद निळा कोट होता. पुढे त्या गणवेशावरूनच रंगाला नाव पडलं. कापड त्या काळी निळीत रंगवत. एकदा बुडवून फिका निळा मिळतो. पुन्हा पुन्हा बुडवून मधे हवेवर धरत गेलं, की रंग थरावर थर चढून काळ्याकडे झुकतो. म्हणजे नावातलं आरमार हे समुद्राच्या पाण्याच्या रंगावरून आलेलं नाही, कोटावरून आलेलं आहे. म्हणूनच ‘सागरी निळा’ हा पर्याय मला पटत नाही. तो वाचून डोळ्यांपुढे वेगळाच, उजळ रंग येतो. बोलताना अर्थात ‘नेव्ही ब्लू’च म्हणावं, नाहीतर नुसतं ‘नेव्ही’. सगळ्यांना कळतं.

आता ‘जातं’. हे मराठीच आहे, बिनधास्त वापरावं. फक्त ‘वर’ सोडू नये. ‘हा रंग जातो’ म्हणजे धुण्यात उतरतो, आणि ‘हा रंग त्यावर जातो’ म्हणजे शोभतो. एका शब्दयोगी अव्ययाने तक्रारीची शिफारस होते! गंमत अशी की ‘जातं’ हा आपल्याकडचा सगळ्यात ढोबळ शब्द आहे. कपड्यांच्या जोड्या लावताना मराठी त्याहून कितीतरी नेमकं बोलते, आणि नेव्ही ब्लूच्या बाबतीत तो नेमकेपणा फार उपयोगी पडतो.

एक, ‘जुळणं’. राखाडी, आकाशी, फिकट निळा हे नेव्ही ब्लूशी जुळतात. राखाडी पँट आणि नेव्ही स्वेटर यांत कोणी कोणाच्या पुढे जात नाही. रोजच्या वापराला ही जोडी सगळ्यात निर्धोक, पण दोन्ही कपडे सारखेच गडद नकोत, एक तरी दोन पायऱ्या उजळ हवा.

दोन, ‘खुलणं’. इथे दुसरा रंग नेव्ही ब्लूचं निळेपण बाहेर काढतो. पांढऱ्याशेजारी तो खुलतो, मोतिया रंगाशेजारी तर जास्तच, कारण मोतियात पिवळ्याची किंचित झाक असते आणि पिवळ्यापुढे निळा अधिक निळा दिसतो. तपकिरी चामड्याचे बूट आणि पट्टा त्यावर खुलतात ते याच कारणाने. तपकिरी म्हणजे मुळात काळोखा केशरी, आणि निळा-केशरी हे समोरासमोरचे रंग. फिकट गुलाबीही इथेच येतो.

तीन, ‘उठून दिसणं’. हळदी, केशरी, लालभडक रंग नेव्ही ब्लूवर उठून दिसतात. इथे खुलतो तो दुसरा रंग, नेव्ही मागे सरतो. स्कार्फ, मोजे, टायवरची बारीक रेघ एवढ्यापुरतं छान. अख्खा हळदी शर्ट घातलात तर लोकांच्या लक्षात शर्टच राहील. तसं हवं असेल तर जरूर घालावा.

चार, ‘मारणं’. आणि मूळ प्रश्नातला काळा इथे येतो. काळा नेव्ही ब्लूला मारतो, म्हणजे शेजारी बसून त्याचं निळेपण खाऊन टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, दोन्ही काळेच घालायचे होते आणि एक चुकला. म्हणून काळं ‘जात नाही’ असं मात्र नाही. पोत वेगळा असला की हेतू दिसतो: नेव्ही सुती शर्टाखाली काळे चकचकीत चामड्याचे बूट उत्तम दिसतात. दोन्ही कपडे एकाच सपाट, बिनचमक पोताचे असले की गडबड होते.

सगळ्यात अवघड जोडी मात्र नेव्हीवर नेव्ही. एकाच नावाच्या दोन कपड्यांत एक जांभळ्याची झाक मारतो, दुसरा हिरव्याची. सुताला आणि पॉलिएस्टरला वेगवेगळ्या जातीचे रंग लागतात, त्यामुळे एका दिव्याखाली सारखे दिसलेले दोन तुकडे उन्हात वेगळे पडतात. शिवाय पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा अंश कमी असतो, त्यामुळे सगळेच नेव्ही काळे वाटतात. पाहायचं तर दिवसा खिडकीशी जावं, आणि हाताशी एक खात्रीचा काळा मोजा ठेवावा. तो शेजारी धरला की कपड्यातला निळा लगेच कळतो, आणि झाकही. स्क्रीनवर रंग पाहून घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की संगणकाच्या रंगांच्या यादीतला ‘नेव्ही’ म्हणजे लाल आणि हिरवा उजेड शून्य, निळा साधारण निम्मा. कापडावरचा नेव्ही सहसा त्याहून मंद आणि काळसर असतो.

‘मळखाऊ’ हा सुंदर शब्दही या रंगाला लावतात, पण तो अर्धाच लागू आहे. तेलाचा, शाईचा डाग नेव्ही पोटात घालतो. धूळ, टॉवेलचे तंतू, मांजराचे पांढरे केस मात्र खांद्यावर लखलखीत दिसतात.

जाता जाता लेखनाचं. ‘नेव्ही ब्लू’ दोन शब्द, दोन्ही शेवटी दीर्घ. लिंगाप्रमाणे तो बदलत नाही: नेव्ही ब्लू शर्ट, नेव्ही ब्लू पँट. ‘आरमारी निळा’ लिहिलात तर ‘आरमारी’ तसाच राहील, आकाशी किंवा गुलाबीसारखा, पण ‘निळा’ बदलेल: आरमारी निळा शर्ट, आरमारी निळी पँट, आरमारी निळं जाकीट.