दहावी, एडीएचडी आणि पुढची शाखा: एका आईच्या पत्राला उत्तर

(पत्र थोडक्यात: मिरजेच्या एका आईचा मुलगा दहावीत आहे. सौम्य स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असं निदान गेल्या वर्षी झालं, सकाळी आठला एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटची साधी गोळी चालू आहे. गणित उत्तम, पण मराठी-इतिहासाचा पेपर दर वेळी अर्धवट राहतो. वडिलांना अकरावी सायन्स आणि जेईईचा (इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा) इंटिग्रेटेड क्लास, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, हवा आहे, मामा म्हणतो कॉम्प्युटरला घाला. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर शिक्का बसेल, ही घरातली भीती. आणि पत्राच्या शेवटी: दोन महिने झाले, मुलगा खोलीचं दार लावून बसतो, जेवत नाही, 'मला काहीच जमणार नाही' म्हणतो.)

नमस्कार ताई,

शेवटी लिहिलेलं आधी घेऊ, कारण ते बिघडलं तर शाखा कोणतीही असो, उपयोग नाही.

मिथाइलफेनिडेटने भूक मरते. दुपारचा डबा भरलेला परत येत असेल तर ते गोळीमुळे असू शकतं. पण गोळीचा असर उतरल्यावर, रात्रीही तो ताटावरून उठत असेल, आवडीच्या गोष्टीलाही हात लावत नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं असेल, तर नैराश्याची शंका घ्यायलाच हवी. स्वमग्न मुलांत ते चेहऱ्यावर दिसेलच असं नाही. 'कसं वाटतंय?' विचारलं की 'ठीक' एवढंच येतं. म्हणून झोप, अंघोळ, छंद यांत काय बदललं ते बघा. आठवडाभराच्या झोपेच्या वेळा, जेवण आणि वजन वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या, पुढच्या तारखेची वाट न बघता. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि त्याला एकटं ठेवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीतूनही चालतो.

आता प्रमाणपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून अर्ज स्वमग्नतेचा करा. खासगी डॉक्टरांची फाइल जोडा, पण तेवढ्यावर भागत नाही, प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचंच लागतं. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, मग सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी. तिथे साधारणपणे ४० मुद्द्यांची 'इसा' ही स्वमग्नतेची मोजपट्टी वापरतात. ७०च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरत नाहीत.

इथे एक चूक घरोघरी होते. डॉक्टर विचारतात आणि आई अभिमानाने सांगते, 'तसा सगळं करतो हो.' अंघोळीला पाच वेळा हाक मारावी लागते, कुकरच्या शिट्टीला कान झाकतो, पाहुणे आले की जेवायला बाहेर येत नाही, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचतच नाही. बालवाडीपासूनचे असे प्रसंग आदल्या दिवशी कागदावर उतरवा. वाढवून नको, झाकूनही नको.

शिक्क्याचं म्हणाल, तर प्रमाणपत्र तुमच्या कपाटात राहतं. ते कुठे दाखवायचं ते तुम्ही ठरवता. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणासाठी ५ टक्के जागा राखीव असतात, सरकारी नोकरीत ४ टक्के. त्या चारांतला एक टक्का स्वमग्नता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता वगैरे गटांचा मिळून आहे. टक्केवारी कमी भरली तरी फाइल फेकू नका. लेखनिकाची (परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्याची) सवलत केवळ ४० टक्क्यांच्या अटीवर नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये यूपीएससीच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. पुढे स्पर्धा परीक्षांना ते कामी येईल.

बोर्डाच्या सवलतीसाठी शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो. मुख्याध्यापकांना आत्ताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक मागावा का? या मुलासाठी मला तो घाईने नको वाटतो. अनोळखी मुलाला वाक्य वाक्य तोंडी सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि त्याला तेच जड जाणार. आधी जादा वेळ घेऊन घरी चार पेपर सोडवून बघा. तरीही अर्धवट राहिला तरच लेखनिक, आणि मग त्याच्याबरोबर किमान आठ-दहा पेपरांचा सराव.

साध्या गोळीचा असर तीन-चार तास टिकतो. आठला घेतली की बारा वाजेपर्यंत उतरली, आणि पेपर अकराला सुरू होऊन जादा वेळ धरून तीनपर्यंत चालणार! मराठीचा निबंध का राहतो, याचं थोडं उत्तर इथेही असेल. गोळीची वेळ बदलायची की लांब असराची घ्यायची, ते डॉक्टर ठरवतील, पण त्याची चाचणी पूर्वपरीक्षेला व्हायला हवी. बोर्डाच्या दिवशी नवा प्रयोग नको.

शाखेबद्दल. कॉम्प्युटर आवडणं म्हणजे गेम आवडणं की काही बनवणं, हे मामांना विचारा. इंटिग्रेटेड क्लासला माझा स्पष्ट नकार आहे. दिवसाचे दहा-बारा तास, दर आठवड्याला परीक्षा आणि भिंतीवर क्रमवारी, हे त्याच्या आत्ताच्या मनःस्थितीला झेपणारं नाही. गणित आवडतं आणि हाताने करायला आवडतं असं असेल, तर दहावीनंतरचा तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा बघा. त्यातून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. प्रवेश मात्र दहावीच्या गुणांवर, म्हणून मराठी सोडून चालणार नाही. डिप्लोमात अशी मुलं विषयात क्वचित अडकतात. अडकतात सबमिशनमध्ये: मॅन्युअल (प्रॅक्टिकलची वही) कोरी, सह्या राहिलेल्या, आणि सत्राच्या शेवटच्या आठवड्यात सगळं अंगावर. उपाय एकच, प्रॅक्टिकल झालं की त्याच दिवशी सही, आणि दर शुक्रवारी घरात कुणीतरी मॅन्युअल उघडून बघायची. आयटीआयलाही नाक मुरडू नका, एका वेळी एक काम आणि ते डोळ्यांसमोर, हे काही मुलांना फार मानवतं.

मिरजेत डिप्लोमाचं शासकीय तंत्रनिकेतन (पॉलिटेक्निक) आहेच. परवानगी काढून कामकाजाच्या दिवशी त्याला दोन तास वर्कशॉपमध्ये न्या. ग्राइंडरचा आवाज, कॅन्टीनची गर्दी, जाण्यायेण्याची बस हे त्याला सोसतं का ते बघा. घरी आल्यावर लगेच विचारू नका. दुसऱ्या दिवशी कागद द्या, एका बाजूला 'चाललं', दुसऱ्या बाजूला 'नाही चाललं', आणि त्याला लिहू द्या. तो कागद हातात आल्याशिवाय कुठेही आगाऊ फी भरू नका.